पंचवीस जणांसाठी थंड पास्ता सॅलड: आदल्या संध्याकाळपासून वाढेपर्यंत

रात्री चाखलं तेव्हा झकास होतं, सकाळी झाकण काढलं तर कोरडं ठक्क. किंवा याच्या उलट: तळाशी पाणी साचलंय, काकडी लुळी पडलीय आणि पास्ता रबरासारखा लागतोय. या दोन तक्रारी मी इतक्या वेळा ऐकल्यात, की कुणी पास्ता सॅलडबद्दल विचारलं की मी आधी विचारते, तुम्ही ते चाखलं कधी?

गरम पदार्थ चुलीवरून उतरला की पाच-दहा मिनिटांत ताटात येतो. चुलीवर जी चव, तीच ताटात. थंड पास्ता सॅलड मात्र कालवून ठेवल्यावरही तासन् तास बदलत राहतं. पास्ता घट्ट होतो आणि ड्रेसिंग पिऊन टाकतो, भाज्या पाणी सोडतात, गारव्यामुळे जिभेला मीठ आणि आंबटपणा कमी जाणवतो. त्यामुळे खालच्या बऱ्याच पायऱ्या करताना थोड्या चुकल्यासारख्या वाटतील: पास्ता जरा जास्त शिजलाय, ड्रेसिंग जरा जास्तच आंबट झालंय, सॅलड अर्धवट राहिलंय. वाटू द्या. हिशोब वाढायच्या वेळचा करायचा आहे.

१. आधी प्रमाण ठरवा

सोबत इतर पदार्थ असतील तर माणशी ४० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. म्हणजे २५ जणांना १ किलो. फक्त सॅलडच जेवण असेल तर माणशी ८० ते ९० ग्रॅम धरा. कोरडा पास्ता शिजून वजनाला साधारण दुप्पट किंवा थोडा जास्त भरतो. १ किलोचा २ किलोच्या वर पास्ता, त्यात किलो-सव्वा किलो भाज्या आणि चीज, शिवाय ड्रेसिंग. सगळं मिळून पावणेचार-चार किलो सॅलड होतं. माणशी भरलेली एक वाटी.

बहुतेक लोक पास्ता जास्त घेतात आणि भाज्या कमी. कोरडा पास्ता पिशवीत इवलासा दिसतो, म्हणून हात सैल सुटतो. वजन करूनच घ्या.

आकार आखूड आणि खाचाखळग्यांचा हवा: पीळदार फुसिली, शंख, फुलपाखरासारखा फारफाले, छोटी रेघांची पेने. खाचांमध्ये ड्रेसिंग अडकतं. स्पॅगेटीसारखा लांब पास्ता या कामाला घेऊ नका. गार झाल्यावर त्याची जुडी होते आणि उभ्याने, एका हातात बशी धरून खाणाऱ्या माणसाची फजिती होते. पाकिटावर ड्युरम गहू किंवा ड्युरम रवा लिहिलेला पास्ता निवडा, तो शिजल्यावरही आकार धरून राहतो.

सावध: तांदळाचा किंवा मक्याचा ग्लुटेनविरहित पास्ता फ्रीजमध्ये फार कडक होतो आणि ढवळताना तुटतो. तो वापरायचा असेल तर त्याच दिवशी, वाढण्याच्या दोन-तीन तास आधी करा. आदल्या दिवसाचं वेळापत्रक त्याला लागू नाही.

२. वेळापत्रक उलटं मांडा

वाढायच्या वेळेपासून मागे या. समजा दुपारी १ वाजता वाढायचं आहे, तर असं:

आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता ड्रेसिंग. ६ ला पास्ता शिजवायला. ७ च्या सुमारास पहिलं ड्रेसिंग लावून तो परातीत पसरलेला. ८ च्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला भाज्या. दुपारी १२ ला भाज्या आणि पास्ता एकत्र. साडेबाराला राहिलेलं ड्रेसिंग, शेवटची चव आणि वरची सजावट.

एकाच दिवसात करायचं असेल तर पास्ता शिजवणं आणि वाढणं यात किमान चार तास हवेत. त्याहून कमी वेळ असेल तर ड्रेसिंग मुरत नाही, वरवरच राहतं; भाजीला चव आणि पास्ता आळणी अशी गत होते.

आदल्या दिवशी फ्रीजचा एक पूर्ण कप्पा रिकामा करून ठेवा. हे काम सगळेच विसरतात. मग रात्री साडेआठला पास्त्याचा ट्रे हातात घेऊन माणूस फ्रीजसमोर उभा राहतो आणि लोणच्या-सॉसच्या बाटल्या हलवत बसतो.

३. ड्रेसिंग: पास्त्याच्या आधी

पास्ता निथळला की ड्रेसिंग हाताशी तयार पाहिजे, म्हणून ते आधी करायचं.

पानांच्या सॅलडला तेल आणि आंबट यांचं प्रमाण तीनास एक सांगतात. इथे दोनास एक ठेवा. पास्त्याला स्वतःची अशी चव फार नसते, आणि गारव्याने आंबटपणा दबतो. १ किलो कोरड्या पास्त्याला सुमारे ६०० मिली ड्रेसिंग लागतं:

– तेल ४०० मिली
– व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, किंवा दोन्ही मिळून, २०० मिली
– मस्टर्ड सॉस २ मोठे चमचे
– मीठ अडीच छोटे चमचे
– साखर किंवा मध २ छोटे चमचे
– लसूण ४ पाकळ्या, अगदी बारीक किसून
– काळी मिरी, सुका ओरेगॅनो आवडीप्रमाणे

किसलेला लसूण आणि मीठ आधी नुसत्या व्हिनेगरमध्ये टाकून दहा मिनिटं ठेवा. कच्चा लसूण थेट तेलात गेला तर रातोरात त्याचा दर्प चढतो आणि सकाळी दुसरं काही लागतच नाही. दहा मिनिटं आंबटात बसला की तो जरा शांत होतो, आणि मीठही तिथेच विरघळतं. तेलात मीठ विरघळत नाही. मग मस्टर्ड, साखर, मिरी, आणि शेवटी तेल. सगळं मोठ्या बरणीत घालून, झाकण घट्ट लावून मिनिटभर जोरात हलवा. मस्टर्डमुळे तेल आणि आंबट काही वेळ एकजीव राहतं.

तेलाबद्दल एक गोष्ट. सगळं ऑलिव्ह तेल वापरलंत तर फ्रीजमध्ये ते थिजतं आणि सकाळी पास्त्यावर पांढरट कण दिसतात. सॅलड खराब झालं असं वाटून लोक घाबरतात. खराब काही झालेलं नसतं, बाहेर काढल्यावर ते पुन्हा विरघळतं. पण निम्मं सूर्यफुलाचं तेल घेतलं तर त्रास बराच कमी होतो आणि चवीलाही फारसा फरक पडत नाही.

तपासा: चमचाभर ड्रेसिंग नुसतं चाखलं की तोंड किंचित वेडंवाकडं झालं पाहिजे. नुसतं खाताना ते अगदी छान लागलं, तर सॅलडमध्ये सपक लागणार.

आता त्याचे दोन भाग करा. ४०० मिली आज रात्रीसाठी, २०० मिली वेगळ्या बाटलीत उद्यासाठी. बाटलीवर चिठ्ठी लावा, नाहीतर रात्री भरात सगळंच ओतलं जातं. ओतलेलं सगळंच्या सगळं पास्ता पितो. किती प्यावं याला त्याच्याकडे मर्यादा नाही.

*मेयोनीज घालायचं असेल तर*

१ किलो पास्त्याला ५०० ग्रॅम मेयोनीज, २५० ग्रॅम पाणी निथळलेलं घट्ट दही, ३ मोठे चमचे व्हिनेगर, मीठ, मिरी आणि पातळ करायला थोडं दूध. याचेही दोन भाग: निम्मं रात्री, निम्मं सकाळी. मेयोनीज फक्त पूर्ण गार झालेल्या पास्त्यालाच लावायचं. गरम पास्त्यावर ते फुटतं, तेल वेगळं होऊन तळाशी उतरतं आणि पास्ता नुसता तुपकट दिसतो. घरी कच्च्या अंड्याचं मेयोनीज करणारे असाल तर या कामापुरतं बाटलीतलं वापरा; मोठ्या घोळक्यात लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका असतात, त्यांना कच्चं अंडं नको.

४. पास्ता शिजवणं

दोन घाण्यांत शिजवा, एका वेळी ५०० ग्रॅम. १ किलो पास्ता एकाच पातेल्यात ओतला की पाण्याची उकळी मोडते, ती परत यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात खालचा पास्ता एकमेकांना चिकटून बसतो.

प्रत्येक घाण्याला ५ लिटर पाणी आणि ५० ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट ३ मोठे चमचे. आकडा बघून दचकू नका. बहुतेक मीठ पाण्याबरोबर मोरीत जातं. पण शिजताना पास्त्याच्या आत जे मीठ जातं ते नंतर कशानेही आत घालता येत नाही. वरून कितीही ड्रेसिंग ओतलं तरी आतून आळणी राहिलेला पास्ता आळणीच लागतो.

पाणी खळखळून उकळल्यावर पास्ता टाका आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहा. चिकटण्याचा धोका याच दोन मिनिटांत असतो. उकळत्या पाण्यात तेल घालण्याची सवय सोडून द्या. ते पाण्यावर तरंगतं, पास्ता त्याच्या खाली आपला चिकटायचा तेवढा चिकटतो. ढवळायचा कंटाळा हे या तेलामागचं खरं कारण असावं, असा मला जुना संशय आहे.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. गरम पास्ता दाताला किंचित लागेल इतपतच शिजवायचा, हे आपण ऐकून ऐकून पाठ केलंय. थंड सॅलडला हा नियम लावू नका. शिजताना पास्त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. गार होताना तोच स्टार्च पुन्हा आवळला जातो आणि दाणा घट्ट होतो. गरम असताना नेमका वाटलेला पास्ता फ्रीजमधून काढल्यावर कच्चट लागतो. म्हणून पाकिटावर १० मिनिटं लिहिली असतील तर ११ ते १२ मिनिटं शिजवा. कड गुळगुळीत राहिली पाहिजे, पण आत जराही कडक गाभा नको.

तपासा: वेळ होत आली की एक तुकडा सुरीने आडवा कापा. मधोमध पांढरा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. ठिपका गेला की दोन-तीन तुकडे बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं टाका आणि मग चावून बघा. दोन मिनिटांत पुरता घट्टपणा येत नाही, तेव्हा हा गार तुकडा अगदी नेमका वाटला तर पातेल्यातल्या पास्त्याला आणखी अर्धं मिनिट द्या. तो थोडा मऊ वाटला तर लगेच उतरवा.

दुसऱ्या घाण्याला तेच पाणी चालतं, मात्र पहिला घाणा झाऱ्याने काढून घ्या आणि आटलेल्या पाण्याची भर घाला. तिसऱ्या घाण्याची वेळ आली तर पाणी बदला; तोवर ते पेजेसारखं दाट झालेलं असतं.

५. निथळणं आणि पहिलं ड्रेसिंग

गरम पास्ता पाण्याने धुवायचा नसतो. थंड सॅलडचा पास्ता मात्र धुवायचा. चाळणीत काढून त्यावर गार पाण्याची धार फिरवा, हाताने खालवर करा. वरचा चिकट स्टार्च निघून जातो आणि आतलं शिजणं थांबतं. वाफ यायची थांबली आणि हाताला कोमट लागला की धार बंद करा. मेयोनीजचं सॅलड असेल तर पूर्ण गार होईपर्यंत धुवा.

मग निथळू द्या. चाळणी दोन-तीनदा झटका, पाच मिनिटं ठेवा, पुन्हा झटका. फुसिलीच्या पिळात आणि शंखाच्या पोटात पाणी दडून बसतं. शंख तर अक्षरशः वाटीसारखे पाणी धरून असतात. ते ड्रेसिंगमध्ये उतरलं की सकाळी सगळं पाणचट. मी शंख वापरते तेव्हा निथळल्यावर स्वच्छ सुती कापडावर पसरून एकदा हलकेच लोळवते. उपद्व्याप वाटतो, पण तळाशी पाणी साचत नाही.

पास्ता कोमट असतानाच मोठ्या परातीत घेऊन या घाण्याच्या वाट्याच्या २०० मिलीतलं निम्मं ड्रेसिंग घाला आणि हाताने कालवा. कोमट पास्ता ड्रेसिंग चांगलं ओढून घेतो. चमच्याने तळाचा पास्ता वर येत नाही आणि कडा तुटतात; धुतलेले हात किंवा हातमोजे बरे. दहा मिनिटांनी उरलेलं निम्मं घाला. दुसरा घाणा झाला की त्यालाही असंच करायचं आहे, तेव्हा ड्रेसिंग दोन्हीकडे मोजून वाटा.

चिकटू नये म्हणून या वेळी नुसतं तेल चोळणारे पुष्कळ असतात. तेलाचा थर बसला की नंतरचं ड्रेसिंग त्यावरून घसरतं. ड्रेसिंगच लावा, त्यात तेल आहेच.

सावध: आता तोंडात टाकलं तर खारट-आंबट जास्त वाटेल. पाणी, साखर, काही घालू नका. सकाळपर्यंत ते बसतं.

६. गार करणं: इथे चूक झाली तर चवीचा प्रश्न राहत नाही

पहिल्यांदा मी तीस जणांसाठी पास्ता केला तेव्हा तो सगळा एका खोल पातेल्यात भरून, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवला होता. चार तासांनी पाणी प्यायला उठले, सहज पातेल्याला हात लावला. बाहेरून बर्फासारखं गार. समाधानाने झाकण काढून मधोमध बोट खुपसलं, तर आत चक्क कोमट. चार तास तो पास्ता फ्रीजच्या आत उबेत बसला होता. सगळा फेकला आणि सकाळी सहाला पुन्हा पाणी उकळायला ठेवलं.

५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात जिवाणू भराभर वाढतात. शिजवलेल्या पास्ता-भातासारख्या पिष्टमय पदार्थांत बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची भीती असते. त्याचे बीजाणू उकळीतही टिकतात, आणि पदार्थ बराच वेळ उबेत राहिला तर तो जे विष तयार करतो त्यातलं एक पुन्हा गरम करूनही जात नाही. थंड सॅलड तर आपण पुन्हा गरमही करत नाही.

म्हणून कालवलेला पास्ता पसरट ट्रेमध्ये, जास्तीत जास्त दोन इंचांच्या थरात पसरा. पंख्याखाली अर्धा तास ठेवून वरचेवर खालवर करा आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. पूर्ण गार होईपर्यंत झाकण सैल ठेवा, मग घट्ट बंद करा. नाहीतर वरचा थर वाळून कडक होतो आणि फ्रीजमधला वासही धरतो. ट्रे एकावर एक चिकटवून रचू नका, मधून हवा खेळू द्या.

तपासा: झोपण्यापूर्वी ट्रेच्या मधोमध स्वच्छ चमचा खुपसून मिनिटभर ठेवा आणि मनगटाला लावा. गार लागला पाहिजे. कडेची परीक्षा घेऊन उपयोग नाही.

७. भाज्या: काय रात्री, काय सकाळी

सगळ्या भाज्या एकदम चिरून रात्रीच पास्त्यात घालणं ही सोय फार महागात पडते. प्रत्येक भाजी ड्रेसिंगमध्ये वेगळं वागते.

रात्री घातल्या तरी चालतील, उलट मुरून छान लागतील: उकडलेले छोले किंवा राजमा, ऑलिव्ह, तेलात मुरवलेले सुके टोमॅटो, भाजून साल काढलेली ढोबळी मिरची. मक्याचे उकडलेले दाणेही, पण पूर्ण निथळून. डब्यातले छोले घेतले तर आधी धुवा. त्यातलं दाट पाणी चिकट असतं.

सकाळीच चिरायच्या: काकडी, टोमॅटो, कांदा, कच्ची ढोबळी मिरची.

काकडीकडे जरा लक्ष द्या, कारण सॅलडच्या तळाशी जे पाणी दिसतं ते बऱ्याचदा तिचंच असतं. उभी चिरून मधला बियांचा गर चमच्याने खरवडून काढा. मग तुकडे करून अर्धा किलोला अर्धा छोटा चमचा मीठ लावा आणि चाळणीत वीस मिनिटं ठेवा, खाली वाटी. वीस मिनिटांनी ती वाटी एकदा बघाच. एवढं पाणी तुमच्या ड्रेसिंगमध्ये जाणार होतं. काकडी पिळू नका, फक्त कापडाने टिपा. पिळली की कुरकुरीतपणा जातो. टोमॅटो छोटे चेरी घ्या आणि अर्धे करा. मोठेच घ्यायचे असतील तर आतला रस आणि बिया काढून टाका.

कांदा चिरून गार पाण्यात दहा मिनिटं भिजवून निथळून घाला. न भिजवलेला कांदा दोन तासांत सगळ्या सॅलडला आपला वास लावतो.

ब्रोकोली, फरसबी, मटार यांना उकळत्या खारट पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, मग अगदी कोरडे करा. यांना मात्र सगळ्यात शेवटी मिसळायचं, अगदी वाढण्याच्या अर्धा तास आधी. आंबटाशी गाठ पडली की हिरवा रंग हळूहळू मळकट शेवाळी होतो. चवीला बाधा नाही, पण टेबलावर ती ब्रोकोली कालची वाटते.

तुकड्यांचा आकार पास्त्याएवढा किंवा थोडा लहान. एका घासात पास्ता आणि भाजी दोन्ही आली पाहिजेत. मोठे तुकडे कडेला लोटून लोक पास्ता तेवढा उचलतात, आणि शेवटी भांड्यात नुसत्या भाज्या उरतात.

चीजचंही असंच. मोझरेलाचे गोळे पाण्यातून काढून टिपून घ्या. फेटा खारट असतो, म्हणून तो घातल्यावरच शेवटचं मीठ बघा. उकडलेली अंडी, चिकन, डब्यातला ट्यूना घालायचे असतील तर वेगळ्या डब्यात पूर्ण गार करून ठेवा आणि शेवटी मिसळा. चिकन आतपर्यंत ७४ अंशांवर शिजलेलं हवं. खाणाऱ्यांत शाकाहारी असतील तर एकाच परातीचे दोन भाग करा आणि दोन चमचे ठेवा. चमचा एकच असला की दहा मिनिटांत दोन्ही सॅलड एक होतात.

८. शेवटचं कालवण

वाढण्याच्या तासभर आधी पास्ता फ्रीजमधून काढा. तो ट्रेच्या आकारात एकसंध वडीसारखा निघेल. घाबरू नका, आणि चमच्याने तोडू नका. पाचेक मिनिटं बाहेर ठेवा आणि बोटांनी हलकेच मोकळा करा. राखून ठेवलेल्या ड्रेसिंगची बाटली जोरात हलवून त्यातलं चार चमचे घातलं की सुटायला मदत होते.

मग क्रम असा: पास्ता मोकळा, त्यात रात्रीपासून मुरलेल्या गोष्टी, मग सकाळच्या कोरड्या केलेल्या भाज्या, मग उरलेल्या ड्रेसिंगचा मोठा भाग. थांबा, पाच मिनिटं जाऊ द्या, आणि चाखा. चाखताना एकट्या पास्त्याचा तुकडा चाखा, टोमॅटोबरोबर नको. टोमॅटोचा रस पास्त्याचा आळणीपणा झाकतो.

इथे बहुतेकदा आंबट कमी पडतं आणि लोक मीठ घालत सुटतात. आधी लिंबू पिळा, मग चाखा, मग मिठाचं ठरवा. त्यानंतर हिरव्या भाज्या आणि चीज. पार्स्ली बारीक चिरून आता घाला. तुळशीच्या जातीचा बेझिल अगदी वाढताना, हाताने तोडून. फ्रीजमध्ये आणि आंबटात तो काळा पडतो. अक्रोड, बदाम किंवा भाजलेल्या बिया वरून, त्याही शेवटच्या मिनिटाला, किंवा सरळ वेगळ्या वाटीत. सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांचीही सोय होते.

तपासा: परात एका बाजूने उचलून तिरकी करा. खालच्या कोपऱ्यात दोन-तीन चमचे ड्रेसिंग जमलं पाहिजे. काहीच जमलं नाही तर अर्ध्या तासात सॅलड कोरडं पडेल, आणखी घाला. डबकं साचलं तर झाऱ्याने सॅलड उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या, पाणी मागे राहू द्या.

दुसरीकडे न्यायचं असेल तर हे शेवटचं कालवण तिथे पोहोचल्यावर करा. पास्ता, भाज्या, ड्रेसिंग, वरचं साहित्य असे चार डबे बर्फाच्या पेटीत घालून न्या. सोबत एक लिंबू, मिठाची पुडी आणि मोठा चमचा असू द्या. तिथल्या स्वयंपाकघरात मोठा चमचा कधीच सापडत नाही.

९. टेबलावर

सगळं सॅलड एकदम मांडू नका. निम्मं वाढा, निम्मं फ्रीजमध्ये किंवा बर्फात राहू द्या. बाहेरचं भांडं बर्फ भरलेल्या मोठ्या ट्रेमध्ये बसवा. बर्फ नसेल तर सॅलड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भांडं रिकामं झालं की दुसरं भरलेलं भांडं आणा. उबलेल्या सॅलडवर नवं ओतू नका, नाहीतर कोणतं किती वेळ बाहेर आहे याचा हिशोब राहत नाही.

शेजारी छोटी चिठ्ठी ठेवा: गहू, दूध, अंडं, मोहरी, सुका मेवा यांतलं काय आहे ते. गव्हाचं लोकांना दिसतं, मस्टर्डचं दिसत नाही.

बिघडलंच तर

कोरडं झालंय: ड्रेसिंग उरलं नसेल तर आधी दोन-तीन चमचे पाणी किंवा मेयोनीजच्या सॅलडला दूध घालून हलवा, मग थोडं तेल आणि लिंबू. नुसतं तेल घातलं की तेलकट लागतं आणि कोरडेपणा तसाच राहतो.

फार आंबट झालंय: चिमूटभर साखर, मुठभर मका किंवा छोले. आणखी पास्ता शिजवून घालायचा मोह होईल. तो नव्याने शिजवलेला पास्ता गार व्हायला तुमच्याकडे वेळ नसतो.

पास्ता कडक राहिलाय: भाज्या घातलेल्या नसतील तर वाचवता येतो. चाळणीत घालून उकळत्या पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवा, गार पाण्याखाली धरा, निथळा आणि ड्रेसिंग पुन्हा लावा. भाज्या घातल्या असतील तर फक्त अर्धा तास आधी बाहेर काढा; गारठा गेला की थोडा मऊ लागतो.

गिच्च झालाय: सॅलडचा नाद सोडा. सॉस आणि चीज घालून भट्टीत भाजा आणि गरम पदार्थ म्हणून वाढा.

उरलेल्यातलं जे फ्रीजमध्येच राहिलं होतं, ते तीन दिवस चालतं. खाण्याआधी लिंबू पिळून पुन्हा हलवा. जे टेबलावर बर्फाशिवाय दोन तासांहून (३२ अंशांवरच्या हवेत एका तासाहून) जास्त बसलं, ते दिसायला कितीही चांगलं असलं तरी टाकून द्या. आणि फ्रीझरमध्ये काहीच ठेवू नका: वितळल्यावर काकडीचं पाणी होतं, मेयोनीज फुटतं, आणि पास्ता बोटात धरला की विरघळतो.